ताटातील समज, ताटातील सत्य

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त वर्तकनगर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

पन्नास वर्षे पूर्ण झाली की संस्था आपला जमाखर्च समाजापुढे मांडते. काय मिळवले, काय राहून गेले, याचा ताळेबंद होतो. परंतु प्रत्येक घरात एक खाते असे असते, जे दिवसातून दोन-तीन वेळा उघडले जाते आणि ज्याची तपासणी मात्र वर्षानुवर्षे होत नाही. ते खाते म्हणजे आपल्या ताटाचे. त्यात काय जमा होते आणि काय खर्ची पडते, हे आपण पाहत नाही. शेजारीण म्हणाली, नातलगांनी सांगितले, मोबाइलवर कुणी पाठवले, एवढ्या आधारावर नोंदी होत राहतात. आजच्या सुवर्णक्षणी त्या खात्यातील काही नोंदी तपासून पाहाव्यात, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आहाराविषयी जैन गृहिणीइतके प्रश्न विचारणारी व्यक्ती शोधूनही सापडणार नाही. पीठ केव्हा दळले, पाणी गाळले का, पदार्थाची काळमर्यादा संपली का, भाजी नीट निवडली का, हे सर्व ती विचारते. ही सावधानता हा आपल्या परंपरेचा अमोल ठेवा आहे. मात्र तीच गृहिणी 'या पदार्थाने रक्त वाढते', 'त्या पदार्थाने साखर वाढत नाही' असे कुणी सांगितले की ते न गाळता, न चाळता स्वीकारते. पाणी गाळून घेणाऱ्या समाजाने माहितीही गाळून घ्यावी, असे म्हणावेसे वाटते.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'हे खावे की खाऊ नये?' हा एक प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याला धर्म देतो आणि त्या उत्तराचा पाया अहिंसा व संयम हा आहे. 'जे खातो त्यातून शरीराला काय मिळते?' हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर आहारशास्त्र देते. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की दोहोंचीही हानी होते. धर्माच्या नियमाला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि नियम पाळला म्हणून शरीराची गरज आपोआप भागते, असेही नाही.

'जैन' शब्दाचा अर्थ

बाजारात आज जैन वेफर्स, जैन फरसाण, जैन पावभाजी, जैन पिझ्झा असे सर्व काही मिळते. पाकिटावर 'जैन' हा शब्द दिसला की मन निश्चिंत होते आणि हात सैल सुटतो. वस्तुतः तो शब्द त्या पदार्थात काय नाही एवढेच सांगतो. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पदार्थात तेल किती आहे, मीठ किती आहे, मैदा किती आहे, याविषयी तो शब्द काहीही बोलत नाही. बटाट्याच्या वेफरऐवजी कच्च्या केळ्याचा वेफर खाल्ला, तर कंदमुळाचा त्याग जरूर होतो. परंतु तळण्याचे तेल आणि वर भुरभुरलेले मीठ तेच राहते.

खाकऱ्याचीही तीच गोष्ट. घरी मंद आचेवर, तेला-तुपाचा हात आखडता ठेवून भाजलेला खाकरा हा उत्तम पदार्थ आहे. परंतु 'डाएट' असे छापलेला प्रत्येक खाकरा हलका असतोच असे नाही, आणि पाच-सहा खाकरे तूप लावून खाल्ले तर त्याला अल्पोपाहार म्हणता येत नाही. पाकीट उलटे करून मागचा तक्ता वाचण्याची सवय मुलांना लावली, तर ती आयुष्यभर उपयोगी पडेल.

गूळ, साखर आणि भात

'साखर वाईट, गूळ चांगला' हे वाक्य इतके रुळले आहे की मधुमेही व्यक्तीसुद्धा गुळाचा चहा निर्धास्तपणे घेते. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक असतात आणि शंभर ग्रॅम गुळात सुमारे ३८०. गुळात थोडे लोह व थोडे क्षार असतात, हे खरे. परंतु त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. चहात पडणाऱ्या चमचाभर गुळातून मिळणारे लोह नगण्य आणि रक्तात जाणारी शर्करा मात्र पुरेपूर. निरोगी माणसाने आवडीने गूळ खावा. मधुमेह्याने गूळ आणि साखर यांना एकाच मायेची भावंडे समजावे.

भाताविषयीचा समज याच्या उलट आहे. 'भात सोडला, आता फक्त पोळी खातो' असे सांगणारे अनेक भेटतात. भात काय, पोळी काय, दोन्ही प्रामुख्याने पिष्टमय पदार्थ. गव्हाच्या कोंड्यासह दळलेल्या पिठात तंतू अधिक असतात, त्यामुळे साखर जरा सावकाश वाढते, हा फायदा आहेच. परंतु एक वाटी भात सोडून त्याऐवजी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, तर हिशेब पुन्हा तिथेच येतो. भाताचा अपराध नसतो, प्रमाणाचा असतो. ज्वारी-बाजरीची भाकरी अधूनमधून ताटात आली, तर तंतू वाढतात आणि पोटही लवकर भरते.

तूप, तेल आणि तीन लिटरचा हिशेब

तुपाबाबत दोन टोकाची मते आहेत. एक पक्ष तुपाला विष मानतो, दुसरा अमृत. 'तूप खाल्ले की सांध्यांना वंगण मिळते' हा दुसऱ्या पक्षाचा आवडता दाखला. दाराच्या बिजागरीला तेल घालावे तसे तूप गुडघ्यात जात नाही. पोटात गेल्यावर त्याचे पचन होते, घटक सुटे होतात आणि शरीर ते ऊर्जेसाठी वापरते किंवा चरबी म्हणून साठवते. तुपात अ जीवनसत्त्व असते, स्वाद असतो. त्यातील स्निग्धांशांपैकी निम्म्याहून अधिक भाग संपृक्त असतो, हेही तितकेच खरे. पोळीवर चमचाभर तूप हा आनंद आहे. लाडूत वाटीभर तूप ही उधळपट्टी आहे.

तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक छापलेले असते. हे वाचून ग्राहक जादा पैसे मोजतो. वास्तविक कोणत्याही वनस्पती तेलात लक्षात घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसतेच. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ, कुठलेही तेल घ्या. जे मुळात नव्हते, ते काढून टाकल्याचा आव आणण्यासारखे हे आहे. शिवाय तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला ९ उष्मांक हा भाव सगळीकडे एकच.

वनस्पती तुपाची कथा अधिक बोधप्रद आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि शुद्ध तुपाला स्वस्त पर्याय म्हणून घरोघरी पोहोचला. तेल गोठवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेत ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात, ती रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात, हे पुढे कित्येक दशकांनी सिद्ध झाले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व स्निग्ध पदार्थांतील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. एका पिढीने ज्याला सोय मानले, त्याला पुढच्या पिढीने धोका म्हटले. म्हणूनच नव्याने येणाऱ्या प्रत्येक 'आरोग्यदायी' वस्तूकडे थोडे थांबून पाहावे.

मग तेल-तूप किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आणि स्त्रीला सुमारे २० ग्रॅम दृश्य स्निग्ध पदार्थ पुरेसे होतात. दोन पुरुष व दोन स्त्रियांच्या घराचा हिशेब केला, तर दिवसाला ९० ग्रॅम आणि महिन्याला २,७०० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन लिटर. यात तेल, तूप, लोणी सर्व आले. प्रत्येक घराने आपल्या किराणा यादीशी हा आकडा पडताळून पाहावा. कुणाला सांगण्याची गरज नाही. स्वतःला कळले तरी पुरे.

सैंधव आणि साधे मीठ

'सैंधव खातो, त्यामुळे रक्तदाबाची चिंता नाही' हा समज मात्र धोकादायक आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रंग गुलाबी असला, दर जास्त असला, तरी रक्तदाबाला तो फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ सुचवते. आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही मोजायचे असते.

शिवाय साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दीर्घ प्रयोग सुरू केला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधे. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. देशातील आयोडीनयुक्त मिठाच्या कार्यक्रमाला त्या प्रयोगाने भक्कम आधार दिला. आयोडीनची उणीव केवळ गळ्यावर दिसत नाही. गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीवर तिचा परिणाम होतो. म्हणून घरात मुली-सुना असताना आयोडीनयुक्त मीठ पूर्णपणे बंद करणे शहाणपणाचे नाही.

डाळ, दही आणि प्रथिने

'शाकाहारात प्रथिने कुठून येणार?' हा प्रश्न आपल्या मुलांना महाविद्यालयात, व्यायामशाळेत हमखास ऐकावा लागतो. उत्तर आकड्यांत देता येते. शिफारशीनुसार एक किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. आता दिवसाचे ताट मांडू या. सहा फुलक्यांचे दीडशे ग्रॅम पीठ, सुमारे १६ ग्रॅम. साठ ग्रॅम कोरडी डाळ वा कडधान्य, सुमारे १३ ग्रॅम. अर्धा लिटर दूध-दही, सुमारे १६ ग्रॅम. थोडा भात, ३ ते ४ ग्रॅम. बेरीज पन्नासाच्या जवळ जाते. भुकटीचा महागडा डबा न आणताही हिशेब जुळतो.

मात्र यातली मेख अशी की साठ ग्रॅम डाळ खरोखर पोटात जायला हवी. पातेल्याचा तळ दिसेल इतक्या पातळ वरणाने ती जात नाही. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत कमी असलेले धान्यात, म्हणून वरण-भात ही जोडी शास्त्रशुद्ध आहे. ही जोडी एकाच घासात जमली पाहिजे असेही नाही. दिवसभरात मिळाली तरी शरीर ती जुळवून घेते. द्विदळाचा नियम पाळणाऱ्या घरांत कच्चे दही आणि कडधान्य एकत्र येत नाही. त्याने पोषणाचे काहीच नुकसान होत नाही. एक सकाळी, दुसरे दुपारी घेतले की झाले.

पालक, लोह आणि मुंबईच्या गिरण्या

पालकात भरपूर लोह असते, ही समजूत जगभर पसरलेली आहे. तिच्यावर उतारा म्हणून दुसरी एक गोष्ट सांगितली जाते, की कुण्या शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह चुकले आणि लोह दहापट लिहिले गेले. गंमत अशी की या दुसऱ्या गोष्टीलाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. म्हणजे एक गैरसमज खोडायला दुसरा गैरसमज! खरी बाब साधी आहे. पालकात थोडेफार लोह असते, पण त्यातील फारच थोडे शरीराला शोषता येते. पालेभाजी अवश्य खावी, पण केवळ तिच्या भरवशावर रक्तक्षय बरा होईल असे मानू नये.

वनस्पतिजन्य लोह शरीरात नीट जावे यासाठी दोन सोपे उपाय आहेत. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असे क जीवनसत्त्वाचे काही असावे. त्याने शोषण वाढते. आणि जेवणासोबत वा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. त्याने शोषण घटते. मुगाच्या उसळीवर पिळलेले अर्धे लिंबू आणि तासभर पुढे ढकललेला चहा, यांना पैसे लागत नाहीत.

या संदर्भात मुंबईच्या कापड गिरण्यांशी जोडलेला एक इतिहास आपल्या परिसराला विशेष जवळचा वाटेल. पोखरण रस्त्यावरील रेमंडची गिरणी आज बंद असली, तरी वर्तकनगरच्या जुन्या रहिवाशांना गिरणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गर्भवती स्त्रियांच्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांत तो विशेष आढळत होता. विल्सबाईंनी जंतूंचा संशय घेतला आणि तो सोडूनही दिला. मग त्या स्त्रियांच्या ताटाकडे वळल्या. अखेर यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी दाखवले. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिन भाषेतील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज जगभर गर्भवतींना दिली जाणारी गोळी ही अशी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची देणगी आहे.

चातुर्मासात पालेभाजीचा त्याग करणाऱ्यांना येथे प्रश्न पडेल, की मग फॉलिक आम्ल कुठून मिळणार? मूग, हरभरा, चवळी यांसारख्या कडधान्यांत ते चांगल्या प्रमाणात असते. पानांचा त्याग केला त्या चार महिन्यांत डाळी-कडधान्ये नेटाने खाल्ली, तर नियमही पाळला जातो आणि शरीरही.

आपल्या घरातील खरी उणीव : बी-१२

आतापर्यंतचे समज फार तर खिशाला वा कमरेला जड होणारे आहेत. पुढचा विषय मात्र अधिक गंभीर आहे. तो आपल्यासारख्या शुद्ध शाकाहारी समाजाचाच आहे आणि त्याची चर्चा करताना संकोच बाळगून चालणार नाही.

बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गात केवळ सूक्ष्मजीव तयार करतात. धान्य, डाळ, भाजी, फळ यांत ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध आणि दुधाच्या पदार्थांतून मिळते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम आणि एका मोठ्या पेल्यातील, म्हणजे २५० मिलिलिटर दुधातील प्रमाण साधारण एक मायक्रोग्रॅम. म्हणजे रोज दोन-अडीच पेले दूध-दही हवे. 'आम्ही दूध घेतो' असे म्हणणाऱ्या अनेक घरांत ते दूध म्हणजे चहातले तीन-चार चमचे असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरील कार्य महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ग्रामीण, झोपडवस्तीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची रक्ततपासणी केली होती. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. उणीव गरिबाच्या झोपडीत असते, हा आपला आणखी एक समज या आकड्याने मोडला.

याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत बी-१२ कमी होते. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या अंगी चरबी अधिक आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी आढळला. म्हणजे पुढच्या मधुमेहाची वाट तयार होत होती. आईच्या ताटातील उणीव मुलाच्या खात्यात ओढली जाते, ती अशी. २०१२ मध्ये त्याच मुलामुलींना, ती तरुण झाल्यावर, रोज अल्प प्रमाणात बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, तो पुढच्या पिढीचे भले व्हावे याच विचाराने.

प्रौढाच्या यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव हळूहळू, पावले न वाजवता येते. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल होते, विसराळूपणा वाढतो, सतत थकवा वाटतो. घरातले म्हणतात, 'वय झाले.' दादाजी गप्प बसतात. वयाच्या नावावर टाकलेली ही नोंद अनेकदा चुकीच्या खात्यात पडलेली असते. वेळीच उपचार झाले तर सुधारणा होते. फार उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान कायमचे राहू शकते. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे आणि साठी ओलांडलेले यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांच्यात बी-१२ चे शोषणच कमी होते.

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. 'इडली-ढोकळा आंबवलेला असतो, त्यातून मिळते.' त्यावर विसंबून राहता येत नाही. 'स्पिरुलिना घेतो.' त्यात आढळणारे द्रव्य बव्हंशी बी-१२ सारखे दिसणारे, पण आपल्या शरीराला निरुपयोगी असते. 'पूर्वजांना कुठे गोळ्या लागत होत्या?' पूर्वजांच्या घरी दुभती जनावरे होती, ताक-दही मुबलक होते. आणि त्यांच्या रक्ताची तपासणी कुणी केली नव्हती, हेही विसरू नये. 'म्हणजे शेवटी अंडी-मांस खा, असेच ना?' मुळीच नाही. शाकाहाराचे तंतू, डाळी, फळे यांचे लाभ सर्वमान्य आहेत. एका धाग्याची उणीव असेल तर तो धागा भरावा. संपूर्ण वस्त्र टाकून देऊ नये.

तो धागा भरण्याचा मार्ग सोपा आहे. ताक-दही-दूध नियमित घ्यावे, वर्षातून एकदा डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी आणि उणीव असल्यास त्यांनी सांगितलेले औषध घ्यावे. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यांच्या शरीरातून नव्हे. मात्र मऊ आवरणाच्या अनेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागून घ्यावी. किण्वनाविषयी मनात शंका असेल, तर महाराजसाहेबांना विचारून समाधान करून घ्यावे. औषध टाळून आजार अंगावर काढू नये.

तप, पारणे आणि सूर्यास्त

उपवासाने 'शरीरातील विषे धुऊन निघतात' असे आजकाल फार बोलले जाते. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात. जेवणाच्या दिवशीही आणि उपवासाच्या दिवशीही. आपले तप कर्मनिर्जरेसाठी आहे. त्याला वजन घटवण्याच्या जाहिरातीची भाषा लावणे म्हणजे तपाचे मोल कमी करणे होय.

पारण्याच्या बाबतीत मात्र आपल्या वडीलधाऱ्यांची रीत अत्यंत शहाणी आहे. अट्ठाई वा मासक्षमणानंतर मुगाचे पाणी, मग हळूहळू हलका आहार. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या लोकांना एकदम भरपेट अन्न दिल्याने काहींच्या जिवावर बेतले होते. दीर्घ उपवासानंतर अचानक भरपूर आहार घेतला, तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो, हे वैद्यकशास्त्र आज मान्य करते. म्हणून पारण्याच्या दिवशी आग्रह करून मिठाई भरवणारे नातलग प्रेमापोटी धोका पत्करत असतात. इन्सुलिन वा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या तपस्व्याने उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. यात श्रद्धेची उणीव नाही, विवेक आहे. आयंबिलाच्या नऊ दिवसांच्या ओळीत दूध-दही नसले तरी साठ्यावर निभावते. परंतु वर्षानुवर्षे दीर्घ आयंबिल करणाऱ्यांच्या बी-१२ कडे कुटुंबाने आवर्जून लक्ष द्यावे.

उकाळलेल्या पाण्याविषयी थोडे. पाण्याला खळखळून उकळी आली की काविळीचे, विषमज्वराचे जंतू मरतात, हा मोठा लाभ आहे. पण उकळल्याने पाण्यात विरघळलेली रासायनिक द्रव्ये निघून जातात, असे नव्हे. आणि उकळलेले पाणी अस्वच्छ भांड्यात भरले वा त्यात हात बुडवला, तर केलेले श्रम वाया जातात.

राहिला चोविहार. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम शरीराच्या लयीशी जुळणारा आहे, असे सुचवणारे संशोधन अलीकडे होत आहे. ते स्वागतार्ह आहे. परंतु ठाणे-मुंबई लोकलने ये-जा करणाऱ्या आपल्या तरुणांचे वास्तव वेगळे आहे. सूर्यास्ताच्या वेळी ते कार्यालयात किंवा गाडीत असतात. मग नियम पाळण्यासाठी फरसाणाचे पाकीट फोडले जाते आणि तेच रात्रीचे जेवण ठरते. नियम पाळला गेला, पण शरीराला काय मिळाले? सकाळी डबा भरताना दुसरा छोटा डबा भरावा. मुगाचा पुडला किंवा थेपला, सोबत भाजलेले चणे, एखादे फळ. पाच मिनिटांचे काम आहे, पण मुलाच्या नियमाला घरचा आधार मिळतो.

समारोप

मित्रहो, या सर्व चर्चेचे सार थोडक्यात सांगायचे तर असे. पाकिटावरील 'जैन' शब्दापुढे जाऊन मागचा तक्ता वाचावा. तेल-तुपाचा महिन्याचा हिशेब ठेवावा. गुळाला औषध आणि भाताला शत्रू मानू नये. वरण घट्ट करावे, लिंबू पिळावे, चहा मागे सारावा. दूध-दही रोज पोटात जाईल असे पाहावे आणि घरातील वडीलधाऱ्यांची, लग्नाच्या वयाच्या मुलींची व गर्भवती सुनांची बी-१२ व हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. संस्थेने या सुवर्ण महोत्सवी वर्षात अशी तपासणी शिबिरे भरवली, तर पन्नास वर्षांच्या सेवेवर तो एक सुंदर कळस ठरेल.

आपल्या आचार्यांनी विवेकाला फार मोठे स्थान दिले आहे. काय खाऊ नये, याचा विवेक आपण शतकानुशतके जपला. जे खातो त्यातून शरीराला काय मिळते, याचाही विवेक जपला, तर हेच शरीर धर्माराधनेसाठी दीर्घकाळ साथ देईल. दादाजींच्या पायांना येणाऱ्या मुंग्यांकडे आज घरी गेल्यावर कुणी एकाने जरी लक्ष दिले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास, कुणाचे मन दुखावले असल्यास, अंतःकरणपूर्वक मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!